ख्रिस्ती धर्मशिक्षण, बालकांचे

ख्रिस्ती धर्मशिक्षण, बालकांचे : ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या अथवा ख्रिस्तमंडळीच्या छत्राखाली वाढणाऱ्या मुलामुलींना श्रद्धेची मूलतत्त्वे, प्रार्थना, उपासनाविधी आणि आचारधर्म ह्यांची क्रमशः ओळख करून देण्याची पद्धती. ह्या शिक्षणासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘कॅटेकिझम’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ ‘कानी घुमविणे, तोंडी शिकविणे’ असा आहे. मराठीत ही संज्ञा शिक्षणविधी व त्यासाठी रचलेले पाठ्यपुस्तक ह्या दोन्ही अर्थांनी ‘धर्मशिक्षण’ आणि ‘प्रश्नोत्तरावली’ ह्या शब्दांनी व्यक्त केली जाते.

धर्मशिक्षण हे इतर विषयांच्या शिक्षणाहून एका बाबतीत वेगळे आहे. अंकगणित शिकलेले मूल अंकगणित जाणते. परंतु धर्माची सूत्रे मुखोद्गत असलेले मूल श्रद्धावान असेलच, असे नाही. शिवाय श्रद्धा ही व्यक्तीने स्वतः स्वीकारावयाची गोष्ट मानली, तर जे मूल अजून निवड करण्याच्या वयाचे नाही, त्याला ती शिकवावयाची कशी आणि कोणाच्या अधिकाराने, हा प्रश्न उपस्थित होतो. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या इतिहासात ह्या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे मिळाली. महाराष्ट्रात ह्या उत्तरांची कसोटी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर व दौंड तालुक्यांत झालेल्या कार्यात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळते.

बायबलमधील आधार : मुलांना धर्म शिकविण्याची जबाबदारी बायबलने प्रथम आईबापांवर टाकली आहे. ‘जुन्या करारा’तील ‘अनुवाद’ ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ईश्वराच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांच्या मनावर ठसवाव्यात, असे सांगितले आहे. येथे शाळा किंवा विशिष्ट वेळ अभिप्रेत नसून दैनंदिन जीवन हेच शिक्षणाचे स्थान आहे. ‘निर्गम’ ह्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील वल्हांडण सणाच्या वर्णनात ह्याहून सूचक असा तपशील आढळतो. सणाचा विधी पाहून मूल त्याचा अर्थ विचारील आणि तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेची हकिकत सांगावी, अशी तेथे योजना आहे. म्हणजे प्रश्न मुलाचा आणि उत्तर वडिलांचे. पुढील काळात प्रश्नोत्तरावल्या रूढ झाल्यावर हा क्रम उलटला. प्रश्न गुरूचा आणि ठरलेले उत्तर मुलाचे, असे त्याचे स्वरूप झाले. ह्या दोन पद्धतींमधील अंतर हे बालधर्मशिक्षणाच्या पुढील सर्व चर्चेचे बीज होय.

‘नव्या करारा’त मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, शिष्य बालकांना दूर सारीत असता येशू ख्रिस्ताने त्यांना जवळ घेऊन आशीर्वाद दिल्याचा आणि त्यांच्या वृत्तीलाच देवराज्याच्या स्वीकाराचा आदर्श म्हटल्याचा प्रसंग आहे. बालक हे केवळ शिकविण्याचे पात्र नसून श्रद्धेच्या बाबतीत प्रौढांचाही आदर्श आहे, ही कल्पना ह्या प्रसंगातून ख्रिस्ती परंपरेत आली.

इतिहास : आरंभीच्या शतकांत ख्रिस्तमंडळीत येणारे बहुतेक लोक प्रौढ असल्याने शिक्षण आधी आणि बाप्तिस्मा नंतर, असा क्रम होता. हा पूर्वतयारीचा काळ काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत असे. ⇨ सेंट ऑगस्टीन ह्याने सु. ४०० मध्ये नवागतांच्या शिक्षणाविषयी लिहिलेल्या ग्रंथात शिक्षकाच्या प्रसन्नतेवर भर दिला असून ऐकणारा कंटाळला असेल, तर त्याला बसावयास आसन द्यावे, इतक्या बारकाईने विचार केला आहे. पुढे अर्भकांच्या बाप्तिस्म्याची प्रथा सार्वत्रिक झाली, तेव्हा शिक्षण हे बाप्तिस्म्यानंतरचे कार्य ठरले. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने धर्मपिता व धर्ममाता वचन देत आणि मूल जाणते झाल्यावर त्याने ते वचन आपले म्हणून स्वीकारावे, अशी अपेक्षा असे. दृढीकरण ह्या संस्काराला पुढे, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथांत, हाच अर्थ प्राप्त झाला.

धर्मसुधारणेच्या काळात बालधर्मशिक्षणाला नवी गती मिळाली. सॅक्सनीतील खेड्यांची पाहणी करताना लोकांचे व काही पाळकांचेही अज्ञान पाहून ⇨ मार्टिन ल्यूथर ह्याने १५२९ मध्ये लघू प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि संस्कार ह्यांचे विवेचन तीत असून ती कुटुंबप्रमुखाने घरात शिकवावी, अशी योजना होती. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातील प्रश्नोत्तरावली (१५४९), हायडल्‌बर्ग येथील प्रश्नोत्तरावली (१५६३) आणि वेस्टमिन्स्टरची लघू प्रश्नोत्तरावली (१६४७) ह्या प्रॉटेस्टंट पंथांतील प्रमुख रचना होत. रोमन कॅथलिक पंथात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंनी रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना धर्मशिक्षण द्यावे, असा नियम केला आणि १५६६ मध्ये धर्मगुरूंच्या मार्गदर्शनासाठी रोमन प्रश्नोत्तरावली निघाली. १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स ह्याने कारखान्यांतून राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारच्या शाळेचा उपक्रम सुरू केला. वाचन आणि धर्म ह्यांची सांगड घालणारा हा उपक्रम पुढे सर्व प्रॉटेस्टंट जगात पसरला. भारतात अशा शाळांमध्ये समन्वय साधण्यासाठी १८७६ मध्ये अलाहाबाद (सध्याचे प्रयागराज) येथे ‘इंडिया संडे स्कूल युनियन’ ही संस्था स्थापन झाली.

गोवा व ‘ख्रिस्तपुराण’ : पश्चिम भारतातील बालधर्मशिक्षणाचा आरंभ गोव्यात झाला. मे १५४२ मध्ये गोव्यास आलेले ⇨ सेंट फ्रान्सिस झेव्हिअर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुले व गुलाम ह्यांना गोळा करून चर्चमध्ये नेत. तेथे प्रार्थना व आज्ञा चालीवर म्हणवून घेतल्या जात. मुलांनी पाठ केलेले घरी जाऊन वडिलधाऱ्यांना ऐकवावे, अशी ही पद्धत असल्याने मूल एकाच वेळी विद्यार्थी व शिक्षक होई.

इंग्रज जेझुइट धर्मगुरू ⇨ फादर टॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आले. मुलांसाठी त्यांनी कोकणीत गुरुशिष्यसंवादाच्या रूपात रचलेली ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरावली त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. मार्कुश जोर्ज ह्या पोर्तुगीज लेखकाच्या पुस्तकाचा तिला आधार होता. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथेच रोमन लिपीत छापलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ हे होय. ह्या काव्याच्या निर्मितीचा संबंध मुलांच्या धर्मपाठाशी आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. साष्टी प्रांतात एका रविवारी मुलांचा पाठ चालू असता एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने, हा पाठ चांगला असला तरी पूर्वीच्या पुराणांच्या जागी ऐकावयास आमच्यापाशी काही नाही, अशा आशयाची विनंती केल्याचे स्टीफन्स ह्यांनी काव्याच्या आरंभी वर्णिले आहे. म्हणजे ठरलेल्या प्रश्नोत्तरांनी जे भागले नाही, ते भागविण्यासाठी कथा आवश्यक ठरली. सु. अकरा हजार ओव्यांचे हे काव्य चर्चमध्ये वाचले जाऊ लागले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध आदेश काढल्यावर ह्या परंपरेला उतरती कळा लागली. तथापि घरोघरी सायंकाळी होणारी जपमाळेची प्रार्थना आणि तिच्या अखेरीस मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ‘बेसांव’ (आशीर्वाद) घेण्याची चाल गोमंतकीय कुटुंबांत टिकून राहिली.

मराठी मिशने : ब्रिटिश अंमलाखालील महाराष्ट्रात हे कार्य प्रॉटेस्टंट मिशनांनी हाती घेतले. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. मिशनने १८१५ पासून शाळा काढल्या व १८१७ पासून स्वतःच्या छापखान्यातून मराठी पुस्तके प्रसिद्ध केली. शुभवर्तमानांतील भाग, दहा आज्ञा आणि लहान प्रश्नोत्तरावल्या हे आरंभीच्या प्रकाशनांचे स्वरूप होते. १८२६ मध्ये ‘नव्या करारा’चे मराठी भाषांतर पूर्ण प्रसिद्ध झाले. ह्या शाळांतून ख्रिस्ती शिक्षकांच्या अभावी हिंदू पंतोजी नेमावे लागत. स्वतः ज्यावर विश्वास नाही अशी उत्तरे पंतोजी शिकवीत आणि तितक्याच अलिप्तपणे मुले ती पाठ करीत. अक्षरज्ञान मिळे, परंतु पाठांतराने श्रद्धा निर्माण होत नाही, हे मिशनरींच्या ध्यानात आले. ही मर्यादा ओळखल्यावर ख्रिस्ती कुटुंबांतूनच शिक्षक तयार करण्याकडे व कन्याशाळांकडे लक्ष वळले. मिस सिंथिया फॅरार ह्या १८२७ मध्ये मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले.

१८३१ मध्ये अहमदनगर येथे मिशनचे ठाणे झाले आणि १८४१ मध्ये घोडनदीकाठच्या शिरूर ह्या लष्करी छावणीच्या गावी ओझ्रो फ्रेंच ह्यांनी दुसरे ठाणे उघडले. मिशनरी आणि देशी उपदेशक थंडीच्या दिवसांत राहुट्या घेऊन भोवतालच्या गावांतून हिंडत. वेळ नदीवरील तळेगाव ढमढेरे हे बाजारपेठेचे गाव ह्याच शिरूर तालुक्यात मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रे. रिचर्ड विन्झर ह्यांनी शिरूर येथे औद्योगिक शाळा चालविली.  हस्तव्यवसाय आणि धर्मशिक्षण ह्यांची जोड हे ह्या शाळेचे वैशिष्ट्य होय.

खेड्यांतील ख्रिस्ती लोक बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेले होते. गावच्या शाळेत ज्यांना वर्गाबाहेर बसावे लागे किंवा प्रवेशच मिळत नसे, त्यांच्या मुलांना मिशनच्या शाळेत पाटीवर अक्षर गिरविता येई. म्हणून ह्या समाजाच्या दृष्टीने धर्मशिक्षण आणि साक्षरता ह्या गोष्टी वेगळ्या नव्हत्या. शाळामास्तरच पुष्कळदा उपदेशकाचे काम करी. दिवसा मुलांना शिकवी आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्यांच्या आईबापांना वचने ऐकवी. ह्याच काळात मराठी ख्रिस्ती साहित्यही मुलांकडे वळले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघालेल्या ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकामागून १८७० नंतरच्या दशकात ‘बालबोधमेवा’ हे खास मुलांचे मासिक मिशनने सुरू केले. मराठीतील आरंभीच्या बालमासिकांत त्याची गणना होते.

पाठांतरावर उपाय म्हणून येथेही कथा व गीत ह्यांचाच आश्रय घ्यावा लागला. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्याचा पायंडा पाडला. ⇨ नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओवी व पदे ह्या देशी रचनाप्रकारांतून उपासनागीते लिहिली. परकीय चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मुलांच्या तोंडी अवघडत. टिळकांची पदे मात्र आयांच्या जात्यावरील ओव्यांच्या वळणाची असल्याने ती घरात शिरली. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी काव्यात ओळखल्या गेलेल्या ह्या कवीने ख्रिस्ती मुलाला त्याच्या भाषेतील भक्तीचा वारसा परत मिळवून दिला, असे म्हणता येईल.

पंडिता रमाबाई आणि केडगाव : दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्तिसदन हे मराठी प्रदेशातील बालधर्मशिक्षणाचे सर्वांत मोठे व सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण होय. त्याच्या संस्थापक ⇨ पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांना ह्या प्रश्नाच्या तीन वेगवेगळ्या बाजू स्वतः अनुभवाव्या लागल्या.

पहिली बाजू आईची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे रमाबाई व त्यांची अडीच वर्षांची मुलगी मनोरमा ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचे धर्मसिद्धांतांबाबत व मनोरमेच्या धार्मिक जडणघडणीबाबत तीव्र मतभेद झाले. चर्चचा अधिकार मान्य करून मुलीस ठरलेली शिकवण द्यावी, हा मठाचा आग्रह. तर जे आपल्या विवेकाला पटलेले नाही, ते आपल्या मुलीस शिकविले जाऊ नये आणि तिच्या संगोपनाचा निर्णय आपला असावा, ही रमाबाईंची भूमिका. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला.

दुसरी बाजू शाळाचालिकेची. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले व १८९० मध्ये पुण्यास हलविलेले शारदासदन हे प्रामुख्याने उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते आणि तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे आश्वासन देण्यात आले होते. मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे व काही मुली स्वतःहून येऊन बसत. हे धर्मशिक्षण की केवळ सहवास, ह्यावर पुण्यात वादळ उठले. मुलींना येण्यास सांगितले नव्हते, हे रमाबाईंचे म्हणणे. तर अल्पवयीन मुलींच्या मनावर आश्रयदात्या गुरूच्या उदाहरणाचाच प्रभाव पडतो, हे टीकाकारांचे म्हणणे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. मुलाला धर्म शब्दांपेक्षा उदाहरणाने अधिक शिकविला जातो, ही गोष्ट ह्या वादाने स्पष्ट झाली.

तिसरी बाजू अनाथांच्या आईची. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराश्रित मुली आणल्या. पुण्यातील प्लेगच्या काळात त्यांची सोय केडगावच्या शेतावर करण्यात आली आणि १८९८ मध्ये तेथे मुक्तिसदनाची उभारणी झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील स्त्रिया व मुली ह्यांची संख्या सु. दोन हजारांवर गेली. मुक्तिसदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. प्रार्थना, बायबलवाचन व रविवारचे वर्ग हा तेथील दिनक्रमाचा भाग होता. त्याचबरोबर शेती, विणकाम, छपाई इ. व्यवसाय शिकविले जात आणि अंध मुलींसाठी ‘बार्तिमी सदन’ हा विभाग होता. अमेरिकेत असताना (१८८६–८८) रमाबाईंनी फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले होते. वस्तू हाताळून, पाहून व गाऊन शिकावे, ह्या पद्धतीचा उपयोग त्यांनी आपल्या संस्थांत केला. १९०५ मध्ये मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीत मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या व रडणाऱ्या मुलींचे वृत्तांत जगभर प्रसिद्ध झाले. तिच्याविषयी ख्रिस्ती वर्तुळांतही मतभेद होते. काहींना ती ईश्वरी प्रेरणा वाटली, तर काहींना भावनेचा अतिरेक.

रमाबाईंच्या ह्या कार्याचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांना व मुलींना कळत नाही आणि त्यातील काही संस्कृतप्रचुर शब्द वेगळ्याच धर्मकल्पना मनात आणतात, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथांवरून साध्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई व बांधणी ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळातून आलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या मुलींनी ज्या ग्रंथातून वाचावयास शिकावे, तोच ग्रंथ त्यांनी आपल्या हातांनी छापावा, ही घटना धर्मशिक्षणाच्या इतिहासात असाधारण म्हणावी लागेल.

अभ्यासक्रम व पद्धती : बालधर्मशिक्षणाचा गाभा सर्व पंथांत पुष्कळसा समान आहे. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार व दहा आज्ञा ही त्याची तीन अंगे असून संस्कारांचे विवेचन हे चौथे अंग होय. रोमन कॅथलिक पंथात पोप दहावे पायस ह्यांनी १९१० मध्ये समज येण्याचे वय सु. सात वर्षे मानून त्या सुमारास मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसाद देण्याचा नियम केला. त्यामुळे त्यापूर्वीची तयारी हा धर्मशिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या शाळेत वयोमानानुसार वर्ग असतात. बायबलमधील एखादी कथा, तिच्यावर प्रश्न, एक वचन पाठ करणे आणि गीत असा पाठाचा सामान्य क्रम असतो. मे महिन्याच्या सुटीतील बायबल वर्ग, नाताळातील नाटिका आणि वचनांच्या पाठांतराच्या स्पर्धा हे त्याला पूरक उपक्रम होत.

पाठांतर सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र म्हणता येत नाही. लहानपणी न कळता पाठ झालेली प्रार्थना संकटकाळी वा वार्धक्यात अर्थपूर्ण होऊन आठवते, असा अनेकांचा अनुभव आहे. दोष पाठांतराचा नसून पाठांतरावरच थांबण्याचा आहे. मुलाला स्वतःचा प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तर पाठ केलेले उत्तर त्याला उपयोगी पडते. ती नाकारली, तर ते ओझे होते.

ईश्वराविषयी आदरभाव : ‘परमेश्वराचे भय’ ही बायबलमधील संकल्पना बालधर्मशिक्षणाच्या केंद्रस्थानी आहे. ‘नीतिसूत्रे’ ह्या ग्रंथात तिला ज्ञानाचा प्रारंभ मानले आहे. मूळ हिब्रू शब्दात भीती आणि आदरयुक्त विस्मय ह्या दोन्ही छटा असून मराठीतील ‘भय’ हा शब्द त्यांपैकी पहिलीच छटा पुढे आणतो. ह्याचा परिणाम शिक्षणावर झाल्यावाचून राहिला नाही. खोटे बोललास तर देव शिक्षा करील, अशी धाक घालणारी शिकवण घराघरांतून दिली गेली आणि काही मुलांच्या मनात ईश्वराची प्रतिमा डोळ्यांत तेल घालून चुका टिपणाऱ्या फौजदाराची झाली. अशी भीती मूल मोठे झाल्यावर ओसरते आणि तिच्याबरोबर पुष्कळदा श्रद्धाही जाते.

आदरभाव शिकविण्याचा दुसरा मार्ग आचाराचा आहे. मंदिरात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवणे, जाजमावर शांत बसणे, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून हात जोडणे, बायबलचा ग्रंथ जमिनीवर न ठेवणे, कॅथलिक घरांत क्रुसाची खूण करून जेवावयास बसणे, अशा कृतींतून मूल अर्थ कळण्यापूर्वीच आदराची वृत्ती आत्मसात करते. ह्यांपैकी कित्येक आचार महाराष्ट्रातील सर्वसामान्य धार्मिक संस्कृतीतून ख्रिस्ती घरांत आले आहेत. आपल्याहून मोठे असे काही आहे आणि त्यापुढे नम्र होण्यात कमीपणा नाही, एवढे मुलाला ह्या कृती सांगतात. ज्याच्यापुढे आई स्वतः मस्तक नमविते, त्याच्याविषयी मुलाला आदर शिकवावा लागत नाही.

संमतीचा प्रश्न : धर्मशिक्षण आणि धर्मस्वातंत्र्य ह्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न कायद्यानेही केला आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शासकीय शिक्षणात धार्मिक तटस्थतेचे तत्त्व मानले. भारतीय संविधानाच्या (१९५०) अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेत कोणावरही अशा शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमती आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कविषयक करारात (१९८९) एक पाऊल पुढे टाकून विचार, विवेक व धर्म ह्यांचे स्वातंत्र्य बालकाचे स्वतःचे मानले असून वयानुरूप मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकारही मान्य केला आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

तथापि कायद्याचे उत्तर पालक हयात असलेल्या मुलांपुरते पुरेसे ठरते. दुष्काळात ज्यांची घरेच पुसली गेली, त्या मुलींच्या वतीने संमती कोणी द्यावयाची होती? जेवू घालणाऱ्याचा धर्म त्यांनी घेतला, तो उपकारापोटी की प्रतीतीने, हे बाहेरून ठरविणे कठीण आहे. ह्या कारणास्तव अनाथाश्रमांतील धर्मांतरांवर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. उलट, ज्यांना इतर कोणी आसरा दिला नाही, त्यांना आसरा देणाऱ्यांनी आपले सर्वांत मोलाचे धन त्यांच्यापासून लपवून ठेवावे, ही अपेक्षाही स्वाभाविक नव्हती. ख्रिस्ती परंपरेने स्वतः दिलेले उत्तर दृढीकरणात आहे. बालपणी मिळालेली श्रद्धा ही ठेव असून जाणत्या वयात ती स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे मानले, तरच दृढीकरणाच्या वेळच्या होकाराला अर्थ राहतो.

सद्यःस्थिती : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) रोमन कॅथलिक उपासना लोकभाषेत होऊ लागली आणि वसई, पुणे, अहिल्यानगर इ. भागांतील मुलांना मिस्साविधी मराठीत समजू लागला. ह्या पंथाची नवी प्रश्नोत्तरावली १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या ‘सुबोध बायबल’ने (२०१०) सोप्या मराठीतील बायबलची परंपरा पुढे नेली. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. केडगावचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे.

आजच्या ख्रिस्ती मुलांपुढील अडचण वेगळी आहे. पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना आजीच्या तोंडची प्रार्थना कळत नाही आणि इंग्रजीत शिकलेली प्रार्थना घरात म्हटली जात नाही. प्रश्नोत्तरावलीची उत्तरे आता छापील पुस्तकाबाहेरही सहज मिळतात. कमी झाला आहे तो मुलाने प्रश्न विचारावा असा निवांत वेळ आणि ते ऐकणारा वडीलधारा माणूस. ‘निर्गम’मधील मुलाने विधी पाहून अर्थ विचारला, कारण तो विधी त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर होत होता. बालधर्मशिक्षणाची पुस्तके व पद्धती कितीही सुधारल्या, तरी त्यांचा मूळ आधार हाच राहिला आहे.